दुभाष्या

आमच्या घरात चार पिढ्यांची सुतारकी. वाकस, पटाशी, रंधा आणि गुण्या यांच्या शेजारी मी सीएनसी राऊटर आणून उभा केला, तेव्हा आळीतले लोक बघायला आले. आबा लांबूनच म्हणाले, "हत्यार चांगलं हाय. पन त्याला सांगनार कोन?"

आबांनी नेमकं दुखणं धरलं होतं. कॉम्प्युटरवर आपण नक्षी काढतो, बिट कुठून फिरेल ते ठरवतो. पण मशीनला चित्र कळत नाही. त्याला कळतात जी-कोडच्या ओळी. चित्राचं त्या ओळींत भाषांतर करतो तो पोस्ट प्रोसेसर. थोडक्यात, दुभाष्या. आणि कंट्रोलर बदलला की बोलीही बदलते, कोल्हापूरची वेगळी अन् चंद्रपूरची वेगळी, तशी.

माझ्याकडे मॅक-3 होतं. मशीन देणारा म्हणाला, "मॅकचा कुठलाबी पोस्ट लावा, चालतंय." यादी उघडली तर त्याच नावाचे कितीतरी. कुणी इंचाचा, कुणी मिलिमीटरचा, कुणी आपोआप बिट बदलणाऱ्या मशीनचा. माझं काम मिलिमीटरमध्ये, बिट हाताने बदलायचं. म्हणून तसाच पोस्ट निवडला आणि दर बिटाची फाईल वेगळी ठेवली.

घाई करण्यासारखं लाकूडही नव्हतं. पडक्या वाड्याच्या तुळया चिरून गावाने देवळाच्या दरवाजासाठी फळ्या दिल्या होत्या. तसला जुना साग आता पैसे मोजूनही मिळत नाही.

आधी फाईल साध्या नोटपॅडमध्ये उघडून वरच्या ओळी वाचल्या. जी-21 म्हणजे मिलिमीटर, जी-20 म्हणजे इंच. इंचातले आकडे मशीनने मिलिमीटर समजून घेतले, तर 100 मिलिमीटरचा चौकोन 4 मिलिमीटरचाही होत नाही. उलट झालं तर तो 25.4 पट फुगतो. जी-28 दिसला तर जास्तच सावध व्हायचं, कारण त्यावर मशीन आपलं घर गाठायला धावतं आणि ते घर नीट ठरवलेलं नसेल तर वाटेत काय आहे ते बघत नाही. मग पडद्यावर वाट पाहिली. छोट्या कमानीच्या जागी भलंमोठं वर्तुळ दिसलं, की कमानीचा मध्य सांगण्याची पद्धत जुळत नाही असं समजायचं.

त्यानंतर लाल बटण दाबून मशीन खरंच थांबतं का ते पाहिलं. झेडचा शून्य फळीच्या 50 मिलिमीटर वर धरला. वर तेवढी जागा आहे, हेही तपासलं. स्पिंडल बंद, वेग अगदी कमी, हात बटणावर. 100 मिलिमीटरचा चौकोन आणि आत 'ल' हे अक्षर हवेतच फिरवलं. अक्षर यासाठी की एखादी दिशा उलटी असली तर चौकोन ती लपवतो, 'ल' लपवत नाही.

मग थर्माकोल, मग एमडीएफचा तुकडा. आबांनी गुण्या लावला, दोन्ही कर्ण मोजले. दोन्ही 141च्या किंचित वर, सारखेच. 'ल' सरळ होता.

"आता घाल साग," आबा म्हणाले.

दरवाजा देवळाला लागून बरीच वर्षं झाली. सॉफ्टवेअर किंवा कंट्रोलर बदललं की आजही पहिला चौकोन हवेतच फिरतो. नवी पोरं कंटाळतात. मी त्यांना सांगतो, पटाशीची धार आपण आधी फळकुटावरच बघतो ना? मग दुभाष्याची जीभ नको का बघायला?