आमची जुनी जीप

स्वतःच्या हातानें केलेलें काम नेहमीं गोड वाटतें. परंतु तें नेहमीं बरोबर असतेंच असें नाहीं. ही गोष्ट आम्हां दोघां बंधूंस एका जुन्या जीपनें शिकविली. या शाळेंतून बाहेर पडून आम्हांस आज कांहीं वर्षें झालीं. वार्षिकासाठीं कांहीं तरी लिहावें अशी गुरुजनांची आज्ञा झाली, तेव्हां आपला एखादा पराक्रम वर्णावा असें प्रथम मनांत आलें. विचारांतीं मात्र असें ठरविलें कीं, पराक्रमापेक्षां प्रमाद सांगावा. त्यापासून धाकट्या बंधुभगिनींस अधिक लाभ होईल.

आमचें घर पडेगांवास आहे. छावणी ओलांडून दौलताबाद-वेरूळकडे जाणाऱ्या रस्त्यावर हें गांव लागतें. आतां शहर वाढत वाढत येथवर आलें आहे, आणि त्या शहराचें नांवही २०२३ सालीं छत्रपति संभाजीनगर असें झालें आहे. आमची शेतवाट मात्र होती तशीच आहे. पावसाळ्यांत तेथील काळी माती चाकांस अशी चिकटते कीं, साधी मोटार जागच्या जागीं चाकें फिरवीत राहते. म्हणून वडिलांनीं चारी चाकांस गति देणारी एक जुनी जीप विकत घेतली. ती आम्हां दोघांहूनही वयानें वडील होती.

जीपची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. १९४० सालीं, महायुद्धाच्या धामधुमींत, अमेरिकेच्या सैन्यास हलकी, चपळ आणि चारी चाकांनीं ओढणारी गाडी हवी होती. पहिला नमुना करून देण्यास अवघी ४९ दिवसांची मुदत होती, आणि बँटम नांवाच्या एका लहानशा कंपनीनें ती पाळली. पुढें विलिस व फोर्ड या कंपन्यांनीं मिळून युद्धकाळांत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. आपल्या देशांत १९४५ सालीं महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी निघाली. १९४८ सालीं तिचें नांव महिंद्रा अँड महिंद्रा असें झालें. तिनें मुंबईंत विलिस जीप जोडण्याचें काम हातीं घेतलें, आणि त्या घडणीच्या गाड्या पुढें कित्येक दशकें आपल्या रस्त्यांवर धांवत राहिल्या. आमची जीप याच कुळांतली, परंतु डिझेलवर चालणारी. वेरूळच्या वाटेवर उतारूंची ने-आण करणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपगाड्या हे तिचेच भाऊबंद. युद्धांतील गाडी कारखान्यापासून दूर, मिळेल त्या जागीं दुरुस्त करावी लागे. म्हणून तिची रचना उघडी व सरळ. बॉनेट उचललें कीं बहुतेक भाग हातास लागतात.

वडील स्वतः हौशी कारागीर. “गाडी मिस्त्रीच्या हातीं देण्यापूर्वीं ती आपण ओळखली पाहिजे,” असें त्यांचें म्हणणें. त्यामुळें सुटी लागली कीं आम्ही घरामागच्या पत्र्याच्या छपरांत गाडीखालीं पडलेले असूं. चाकांच्या पुढें-मागें दगड लावल्यावांचून आणि जॅकच्या जोडीस लाकडी ठोकळे दिल्यावांचून गाडीखालीं शिरावयाचें नाहीं, हा पहिला दंडक. कमानपाटे सोडवून एकेक पाटा घांसावा, तुटलेला बदलावा आणि आवळलेले नट थोडी गाडी चालल्यावर पुन्हां आवळून पाहावे, इतकें आम्ही पहिल्या वर्षींच शिकलों. पुढच्या चाकांची गति चिखलांतच जोडावी, हेंही तेव्हांच कळलें. वळतांना पुढचीं व मागचीं चाकें सारखें अंतर कापीत नाहींत. कोरड्या डांबरी रस्त्यावर तो ताण निसटावयास जागा मिळत नाहीं, व सर्व भार गिअरच्या दांत्यांवर बसतो.

दुसऱ्या वर्षीं मागच्या चाकांस गति नेणाऱ्या लांब दांड्याचा क्रॉस आम्हीं बदलला. दांडा सोडविण्यापूर्वीं जोडाच्या दोन्ही भागांवर खुणा करावयाच्या असतात; त्या करावयास आम्ही विसरलों. दांडा परत बसविला तेव्हां त्याच्या दोन टोकांचे कांटे एका रेषेंत आले नाहींत, आणि गाडी अशी थरथरूं लागली कीं, आजीनें “हिला हिंव भरलें काय?” म्हणून विचारलें. कांटे एका रेषेंत घेऊन पुन्हां बसवितांच थरथर थांबली. ती चूक हंसण्यावारी गेली. सर्वच चुका हंसण्यावारी जात नसतात.

खाजगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढें दर पांच वर्षांनीं गाडी तपासून घेऊन ती वाढवून घ्यावी लागते. सात वर्षांपूर्वीं अशी तपासणी जवळ आली होती, म्हणून दिवाळीच्या सुटींत ब्रेक उघडावयाचे ठरलें. वडिलांनीं रबराचे नवे कप आणून दिले आणि बजावलें, “सिलिंडर व कप साफ करणें ते ब्रेक ऑइलनें किंवा स्पिरिटानेंच करा.” इतकें सांगून ते कामास गेले.

सायंकाळ झाली होती. मुख्य सिलिंडराचा नवा कप हातांतून निसटून धुळींत पडला. स्पिरिटाची बाटली संपली होती. दुकान दूर होतें, आणि जेवणास हांक आली होती. आमच्यापैकीं एकानें शेजारच्या परातींतील डिझेलनें सिलिंडर धुतला, नळींतूनही तेंच फिरविलें, आणि कप त्यांतच टाकून तो जेवावयास उठला. दुसऱ्यानें तें पाहिलें. डिझेल रबरास लावूं नये, हें त्यानें पुस्तकांत वाचलेलें होतें. परंतु सर्व काम पुन्हां करावें लागेल या कंटाळ्यानें तो गप्प राहिला. सकाळीं कप बसविला, नवें तेल भरलें. ब्रेक उत्तम लागला. वडिलांनीं शाबासकी दिली, आणि ती आम्हीं दोघांनींही घेतली.

पुढच्या रविवारीं आजीस घेऊन आम्ही खुलदाबादेस आत्याकडे गेलों. जातांना गाडी जड चालत होती. आम्हांस वाटलें, चढ आहे. तेथें उतरलों तेव्हां चाकांपाशीं जळकट वास येत होता. आम्हांस वाटलें, लायनर नवे आहेत. ज्यास मनांतून भय असतें, त्यास अशीं कारणें लवकर सांपडतात. परततांना आत्याचा चार वर्षांचा मुलगा आजीबरोबर निघाला. सीताफळांच्या दोन टोपल्याही गाडींत होत्या.

दौलताबादचा घाट उतरतांना एका वळणावर वडिलांनीं ब्रेकवर पाय दिला, तो थेट तळाच्या पत्र्यास टेकला. त्यांनीं पुन्हां दोनदां पाय मारला; व्यर्थ. ते कांहीं बोलले नाहींत. वरच्या गिअरमधून दुसऱ्यांत, दुसऱ्यांतून पहिल्यांत, असे त्यांनीं गिअर खालीं घेतले. इंजिन किंचाळूं लागलें, पण वेग मोडला. मग त्यांनीं हातब्रेक हळूहळू ओढला. आमच्या गाडीचा हातब्रेक चाकांवर नसून मागील लांब दांड्याच्या मुळाशीं आहे, आणि तेलाशीं त्याचा संबंध नाहीं. डोंगराच्या अंगास असलेल्या मुरुमांत चाकें घालून गाडी उभी राहिली. समोरून एक भरलेली बस वर चढत होती. आजीच्या मांडीवरचा मुलगा जागा झाला आणि “घर आलें?” म्हणून विचारूं लागला.

आम्हीं चाकांखालीं दगड लावले. आजीस व मुलास एका काळ्या-पिवळ्या जीपमधून पुढें पाठविलें. गाडी दुसऱ्या दिवशीं ओढून आणली. वडिलांनीं मुख्य सिलिंडर उघडला. आंतील कप भिजत घातलेल्या हरभऱ्याप्रमाणें टरारून फुगला होता. तो तळहातावर घेऊन त्यांनीं विचारलें, “हा कशानें धुतलात?”

ज्यानें धुतला होता त्यानें सांगितलें. मग जो गप्प राहिला होता त्यानेंही सांगितलें, आणि त्यास अधिक लाज वाटली. कारण पहिल्यास ठाऊक नव्हतें, दुसऱ्यास ठाऊक होतें. त्यांत कोण पहिला व कोण दुसरा, हें आम्हीं घराबाहेर कोणास सांगितलेलें नाहीं, आणि येथेंही सांगणार नाहीं. वडील रागावले नाहींत. “तुमच्या आत्याला काय सांगणार होतांत?” एवढेंच त्यांनीं विचारलें. त्यास उत्तर नव्हतें.

झालें होतें तें असें. डिझेल, रॉकेल, इंजिनाचें तेल हीं खनिज तेलें ब्रेकच्या रबरांत मुरतात आणि रबर फुगतें; ब्रेक ऑइल निराळ्या जातीचें असतें. मुख्य सिलिंडरांत एक अगदीं बारीक छिद्र असतें. ब्रेकवरून पाय उचलला कीं दाबलेलें तेल त्यांतून वरच्या टाकींत परततें. फुगलेल्या कपानें तें छिद्र बुजविलें. त्यामुळें ब्रेक पुरता सुटेना. लायनर ड्रमास घांसत राहिले, ड्रम तापले, आंतील तेल उकळलें आणि नळ्यांत वाफ झाली. तेल दाबून आकसत नाहीं, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोंचतो. वाफ आकसते, म्हणून तो जोर वाटेंतच जिरतो. शिवाय आमच्या गाडींत चारी चाकांस मिळून एकच मार्ग. तो बिघडला कीं चारी ब्रेक एकदम जातात.

नंतर आम्हीं सर्व चाकांचे कप बदलले, नळ्या स्पिरिटानें धुतल्या आणि नवें तेल भरलें. नळ्यांतील हवा काढण्याचें काम एकट्यानें होत नाहीं. एकानें गाडींत बसून ब्रेक दाबून धरावयाचा, दुसऱ्यानें चाकापाशीं बसून निपल सैल करावयाची. हवेचे बुडबुडे निघाले कीं निपल आवळून “सोड” म्हणावयाचें, मगच पहिल्यानें पाय उचलावयाचा. निपल उघडी असतां पाय उचलला तर हवा पुन्हां आंत शिरते. सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करून जवळच्या चाकापर्यंत हा क्रम चालतो. त्या दिवशीं आम्ही दोन तास “दाब” आणि “सोड” याखेरीज कांहीं बोललों नाहीं. परंतु जें बोललों तें वेळेवर बोललों. काम झाल्यावर वडिलांनीं एका जाणत्या मिस्त्रीस बोलावून सर्व गाडी दाखविली, आणि मगच ती रस्त्यावर काढली. पुढें तपासणींतही ती उतरली.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या वस्तूंची दुरुस्ती आपण करूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. वंगण द्यावें, तेल बदलावें, पाटे घांसावे. त्यानें हात सुधारतो व पैसाही वांचतो. ब्रेक व स्टिअरिंग यांचें काम मात्र जाणत्याच्या नजरेखालूनच गेलें पाहिजे. ब्रेक ऑइल हवेंतील ओलावा शोषून घेतें, म्हणून तेंही ठराविक काळानें बदलावें. आणि आपल्या सोबत्याचें चुकत आहे हें दिसल्यास त्याच क्षणीं बोलावें, मग जेवण निवलें तरी चालेल. आमच्या छपरांत आतां एक वही टांगलेली असते. ज्यानें काम केलें त्याची सही तींत असतेच. परंतु ज्यानें तें तपासलें त्याचीही सही असल्यावांचून गाडी हलत नाहीं.

तो लहान मुलगा आतां अकरा वर्षांचा आहे, आणि याच शाळेंत शिकतो. सुटींत तो आमच्याकडे येतो व गाडीखालीं पाने सरकवून देतो. “ब्रेकचें तेल वेगळें कां?” असें तो विचारतो, तेव्हां आम्ही त्यास कारण सांगतों, ती हकीकत मात्र अद्यापि सांगितलेली नाहीं. हा अंक त्याच्या हातीं पडेल, तेव्हां त्यास ती कळेल.