कोयत्यामागची म्हातारी

दिवाळी सरली की वाशी तालुक्यातल्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाच्या वहीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीवर, मजुरी टनावर. फडावर बाई अंधारातच उठते, भाकऱ्या थापून फडक्यात बांधते आणि दिवसभर मोळ्या वाहते. ती आजारी पडली की खाडा लागतो, पैसे कापले जातात. भाकऱ्यांचे मात्र कोणी धरत नाही.

आणि त्या वहीत नसलेलं एक माणूस गावातच मागं राहतं. नातवंडांना उठवायचं, आंघोळ घालायची, शाळेला पिटाळायचं, रात्री अंग तापलं तर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवत बसायचं. शेरडांचा पाला वेगळाच. ही म्हातारी नसती तर सून पोरांना सोडून निघाली नसती आणि मुकादमाच्या हाती अर्धाच कोयता लागला असता.

असली कामं मोजता येत नाहीत म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं. सोयाबीनचा हमीभाव ठरवताना कृषिमूल्य आयोग घरच्या माणसांनी रानात केलेली खुरपणीसुद्धा खर्चात धरतो. हिशेब बांधावरून घरापर्यंत येतो आणि उंबऱ्याशी अडतो. पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने 1920 मध्येच हे दाखवलं होतं: मालकाने घर सांभाळणाऱ्या पगारी बाईशी लग्न केलं की राष्ट्रीय उत्पन्न घटतं, घरातलं काम तेवढंच राहिलं तरी. आमच्याकडे हंगामी वसतिगृहात तोडणीला गेलेल्यांच्या पोरांसाठी शिजलेल्या भाताला शासनाचा निधी असतो. तोच भात आजीनं चुलीवर शिजवला की तिची माया! 2024 च्या देशव्यापी वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला 289 मिनिटं जाताना दिसतात, ते करणाऱ्या पुरुषांची 88. म्हणजे मोजलंय सगळं.

लाडकी बहीण योजनेचे दीड हजार पासष्टीपर्यंत, पुढे श्रावणबाळ. नको कशाला म्हणू? पण दोन्हीकडे ती मदत आहे, केलेल्या कामाचा मोबदला नव्हे. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला, तेव्हाही बोलणं झालं ते तोडलेल्या टनाचं. ऊसतोड कामगार महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घ्यायचं ठरलेलंच आहे. घर राखणाऱ्या माणसाची हंगामाची मजुरी त्याच रस्त्याने देता येईल. साखर महागेल म्हणतात. थोडी महागू दे. आज ती जितकी स्वस्त आहे, त्यातला काही भाग या म्हातारीने भरलेला आहे.