न लागलेल्या दोन पिशव्या

धर्माबादच्या मिरची बाजारात आमची आडत. हंगामात तिथं सगळेच खोकतात, त्यामुळं मला लागणारी धाप मिरचीच्या खाती जमा झाली. खरं कारण वेगळं होतं. पाळीत फार अंगावर जायचं. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या भिंतीत फायब्रॉइडची गाठ दिसली, हिमोग्लोबिन ७.५. "पिशवीच काढून टाक," असं आत्याबाईंपासून जावांपर्यंत सगळ्यांचं मत. मला मूल हवं होतं. नांदेड गाठलं.

डॉक्टर मॅडमनी घाई केली नाही. आधी सलाइनमधून लोह, पाळीत रक्त थोपवायला ट्रॅनेक्झामिक ॲसिडच्या गोळ्या. हिमोग्लोबिन ११ च्या वर गेलं तेव्हाच दुर्बिणीच्या ऑपरेशनची तारीख दिली. ट्रॅनेक्झामिक ॲसिड १९६२ मध्ये जपानच्या उताको ओकामोतो आणि त्यांच्या नवऱ्यानं जगापुढं आणलं. तान्ही लेक पाठीशी बांधून ही बाई प्रयोगशाळेत उभी राहायची. तिचंही देणं लागते मी.

तरी रक्ताची सोय हवीच होती. आडतीवरचा एक हमाल आणि शेजारचे सर रेल्वेनं नांदेडला जाऊन रक्त देऊन आले.

मॅडमनी मला नंतर ऑपरेशनचं रेकॉर्डिंग दाखवलं. व्हॅसोप्रेसिन नावाचं औषध भरपूर सलाइनमध्ये पातळ करून गाठीभोवती टोचायचं. ते चुकून रक्तवाहिनीत गेलं तर हृदयावर बेतू शकतं. म्हणून आधी भुलीच्या डॉक्टरांना सांगायचं, दर वेळी सिरिंजचा दट्ट्या जरा मागं ओढून रक्त येत नाही ना बघायचं. बघता बघता गर्भाशय पांढरंफटक पडलं. रक्तवाहिन्या आवळल्या होत्या. मग चीर, आणि आवरणातून गाठ सुटी.

गाठ निघाली की संपलं, असं मला वाटलेलं. मॅडमचं खरं काम तिथून पुढं होतं. औषधाचा जोर ओसरला की खाच वाहायला लागते, त्याआधी काटेरी धाग्यानं थरावर थर शिवून ती बंद केली. त्या धाग्याला गाठ मारावी लागत नाही. त्याचे बारीक काटेच मांस धरून ठेवतात. कसलेल्या हाताचं शिवण मी ओळखते.

रक्ताच्या दोन्ही पिशव्या मला लागल्याच नाहीत. रक्तपेढीतून त्या दुसऱ्या कुणाला तरी गेल्या असणार. सर आभार मानू देत नाहीत. हमाल मात्र हंगामात पोतं उतरवताना हटकतोच, "अक्का, माझं रक्त कुठं ठेवलंय?"

"व्याजानं लावलंय," मी सांगते.