पिवळा दिवा

2024 च्या मे महिन्यात आम्ही शारजाला आपाकडे गेलो होतो. दुल्हाभाई तीस वर्षे तिकडे इलेक्ट्रिशियन. आता कायमचे गावी परतायचे होते. एवढ्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी केलेली चैन एकच, अमेरिकेतून आलेली 1991 ची जुनी टोयोटा एमआर-टू. दोन माणसांची बुटकी स्पोर्ट्स गाडी, इंजिन सीटच्या मागे. आपा तिला सवतच म्हणायची. ती विकून भाचीची फार्मसीची फी भरायची होती. गिऱ्हाईक जुम्याच्या संध्याकाळी येणार होते आणि गाडीत ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा काही विझत नव्हता.

पंधरा दिवसांपूर्वी एका गॅरेजवाल्याने सेन्सर बदलून पैसे घेतले होते. दिवा दोन दिवसांत परत आला.

मोबाईलला जोडायचे स्कॅनर या गाडीला चालत नाहीत. अमेरिकेत तशी सोय सक्तीची झाली ती 1996 च्या गाड्यांपासून. या गाडीचे मनोगत दिव्यानेच वाचावे लागते. दुल्हाभाईंनी इंजिनजवळच्या डबीचे झाकण उघडले, टीई-वन आणि ई-वन ही दोन टोके तारेच्या तुकड्याने जोडली. एसी बंद, इंजिन बंद, चावी मात्र ऑन.

“मास्तर, मोजा.”

आम्ही मोजले. दोनदा लुकलुक, थोडा विराम, पुन्हा दोनदा. बावीस.

बावीस म्हणजे इंजिनाच्या पाण्याचे तापमान सांगणारा सेन्सर. “पण तो तर नवा आहे!” आम्ही म्हणालो. दुल्हाभाई हसले. बावीस नंबर सेन्सरचा नाही, सेन्सरच्या वाटेचा आहे, असे ते म्हणाले. सेन्सर, त्याचा प्लग, दोन वायरी, थेट कॉम्प्युटरपर्यंत. त्या वाटेवर कुठेही खंड पडला तरी नंबर तोच. खबर येत नाही म्हटल्यावर कॉम्प्युटर पाणी ऐंशी अंशांवर आहे असे धरून चालतो. म्हणूनच शारजाच्या गरमीत गाडी चालताना काही जाणवत नव्हते.

गॅरेजवाल्याने काढलेला जुना सेन्सर त्यांनी जपून ठेवला होता. तो फ्रिजच्या पाण्यात धरला, मीटर लावला: दोन हजार ओहमच्या वर. मग आपाने चहाच्या केटलीतले उकळते पाणी ओतले. आकडा घसरत दोनशेच्या आसपास आला. अगदी जसा यायला हवा तसा. बिचारा बेकसूर होता.

आम्हाला तेव्हा आमच्या वर्गातली एक मुलगी आठवली. सहामाहीला तिच्या प्रगतिपुस्तकात आम्ही ‘लक्ष देत नाही’ असा शेरा लिहिला होता. तिचा कान फुटला आहे हे तिच्या नानीने मार्चमध्ये सांगितले. शेरा अजून तसाच आहे.

जुमेरातची रात्र झाली तरी दोष सापडेना. ईएफआयचा फ्यूज थोडा वेळ काढून ठेवला की कॉम्प्युटर सारे विसरतो, दिवा जातो आणि पुढे केव्हातरी परत लागतो, हे त्यांनीच सांगितले होते. आम्ही पटकन बोलून गेलो, “मग उद्या तेवढे करा ना. गिऱ्हाईक गाडी घेऊन गेले की झाले.”

दुल्हाभाईंनी मीटर खाली ठेवला. “परीक्षेत कॉपी तुम्हीच पकडता ना, मास्तर?”

बी.एड.च्या दोन्ही सत्रांत मिळून आम्हाला एवढी शरम वाटली नसेल.

फजरनंतर ते पुन्हा इंजिनाशी गेले. वायरीची दोन्ही टोके मीटरला लावून ती इंच इंच वाकवत राहिले. मीटर वाजत होता. प्लगपासून चार बोटांवर वाकवताच आवाज थांबला. मागे कोंडलेल्या इंजिनाच्या आचेने वरचे प्लॅस्टिक ठिसूळ झाले होते, आतले तांबे हिरवे पडून तुटले होते. बाहेरून काहीच दिसत नव्हते. त्यांनी तेवढा तुकडा कापला, नवी वायर डाखली, वर नळी चढवली. फ्यूज काढून जुनी नोंद पुसली, गाडी खोर फक्कानपर्यंत फिरवून आणली आणि पुन्हा तार जोडली. दिवा आता न थांबता, एकसारखा लुकलुकला. कोणताच नंबर नाही.

संध्याकाळी गिऱ्हाईक आले. दिवा विझलेला होता. कोणी विचारलेही नसते. दुल्हाभाईंनी मागचे झाकण उघडून स्वतः डाखलेला जोड दाखवला. गिऱ्हाइकाने तो नीट पाहिला आणि तीनशे दिरहम कमी केले.

आम्ही चिडून आपाकडे पाहिले. ती चहा गाळत होती. दुल्हाभाईंनी नोटा मोजल्या, मग आत जाऊन तो जुना सेन्सर रुमालात गुंडाळून आणला. “हा चांगला आहे, गाडीत असू द्या,” म्हणून त्याच्या हातात ठेवला.