भोसेचा वड, जाब वुरुंगांचं झाड आणि आमच्या शाळेतला लिंब



चौथीच्या परिसर अभ्यासाच्या तासाला यंदा मी भोसेच्या वडाची गोष्ट सांगितली. भोसे आपल्याच सांगली जिल्ह्यातलं. तिथं यल्लम्माच्या देवळाजवळ चारशे वर्षांचा म्हणून सांगितला जाणारा वड होता. 2020 मध्ये रत्नागिरी–नागपूर महामार्गाच्या कामात तो जाणार होता. वृक्षप्रेमी आणि गावकऱ्यांनी आवाज उठवला, तेव्हाचे पर्यावरण मंत्री आदित्य ठाकरे यांनी नितीन गडकरींना कळवलं आणि रस्त्याची आखणी बदलली. यल्लम्मा म्हटल्यावर पोरं लगेच जागी झाली. जतची यात्रा म्हणजे त्यांच्या घरचीच!

त्याच वर्षीची दुसरी गोष्ट ऑस्ट्रेलियातली. व्हिक्टोरिया राज्यात जाब वुरुंग नावाचे आदिवासी आहेत. बाळ जन्मलं की त्याची वार झाडाच्या बियांबरोबर मातीत घालायची, आणि उगवलेलं झाड त्या माणसाला आयुष्यभर दिशा दाखवतं, अशी त्यांची रीत. ही झाडं वाचवायला लोक 2018 पासून रस्त्याकडेला मुक्काम ठोकून होते. तरी 26 ऑक्टोबर 2020 ला महामार्गासाठी असं एक झाड तोडलं. लोक ढसाढसा रडले. सरकार म्हणालं, आदिवासींच्या नोंदणीकृत संस्थेशी बोलून जी झाडं जपायची ठरली, त्यांत हे नव्हतं.

एक पोरगं उठून म्हणालं, "बाई, माझी पण वार आजीनं परड्यात पुरलीया." वर्ग हसला. मागच्या बाकावरच्या मुलीनं मात्र विचारलं, "त्यांचं झाड यादीत का नव्हतं?"

मला उत्तर देता आलं नाही. कारण अशी एक यादी मीही केलीय. आधीच्या शाळेत नवीन खोलीसाठी लिंब तोडायचा होता. अर्जात मी लिहिलं: लिंब, एक, उपयोग सावली. त्याच्या बुडाशी शेंदूर लावलेला लक्ष्मीआईचा दगड होता, दर मंगळवारी वस्तीवरची एक म्हातारी तिथं पाणी घालायची. अर्जात त्याला रकानाच नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला तो लिहावासाही वाटला नाही. डी.एड. झालेली मी, दगडाचं काय लिहायचं! लिंब पडला. पुढच्या मंगळवारी म्हातारी तांब्या घेऊन आली, बुंध्यावरच पाणी ओतलं आणि माझ्याकडं न बघता गेली.

भोसेचा वड 2022 मध्ये कोसळला, हेही मुलांना सांगितलं. "मग वाचवून काय उपयोग झाला?" असं एकानं विचारलं. दुसरा म्हणाला, "दोन वर्षं सावली मिळाली की."

आता मुलं आपापल्या वस्तीवरची झाडं लिहून आणताहेत. वहीत मी एक रकाना जास्त आखून दिलाय: या झाडाला कोण काय मानतं, घरी विचारून लिही. काल आलेल्या वहीत एका बाभळीपुढं तिथं कन्नडमध्ये काहीतरी लिहिलंय. मला वाचता येत नाही, उद्या तिच्या आईला शाळेत बोलावलंय.