बसली आहे, बसलीया

निपाणीतल्या एका मराठी शाळेत पहिलीला शिकवणाऱ्या बाईंच्या कानात आता मशीन आहे. फळ्यावर लिहीत असताना मागं कोण कुजबुजलं हे ऐकू येत नाही, त्याचं त्यांना काही वाटत नाही. त्यांची मिजास वेगळीच होती. मूल वाचताना अडखळतं, ओठातल्या ओठात चूक दुरुस्त करतं आणि पुढं जातं. ती दुरुस्ती त्यांना ऐकू यायची. न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांच्या वाचन-नोंदींत अशा दुरुस्तीला वेगळी खूण आहे. आपला कान त्या बाईच्याच तोडीचा, असं यांना मनोमन वाटायचं.

कोडं मात्र जुनंच. पुस्तकात आहे, 'आई चुलीपाशी बसली आहे.' विड्या वळणाऱ्या बाईचा पोरगा वाचतो, 'आई चुलीजवळ बसलीया.' घरी कन्नड बोलणारी पोरगी अक्षर न् अक्षर बरोबर वाचते. चुलीपाशी कोण बसलंय विचारलं की नुसती बघत राहते. वाचनाच्या तक्त्यात बरोबरची खूण कुणापुढं करायची? बाईंच्या मते वाचणारा तो पोरगा. पण लगेच शंका येते, चित्र बघून तर म्हणाला नसेल? मग चित्रावर तळहात ठेवायचा, वाक्यं खालीवर करायची. तरी शंका जात नाही.

'प्रथम' संस्थेची 'असर' पाहणी २००५ पासून घरोघर जाऊन अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्यांवर मुलं तपासते. जिल्ह्याचा अंदाज घ्यायला ठीक आहे, म्हणतात बाई. १९९५ ला एच. डी. कोटे तालुक्यात सुरू झालेल्या 'नली-कली' या शिकवण्याच्या पद्धतीबद्दल त्या बरं बोलतात; तिथं पोर आपल्या चालीनं सरकतं. मोबाइलवर वाचन तपासायचा विषय निघाला, की मशीनचा आवाज कमी करतात.

हल्ली त्या लिहिता हात बघतात. कर्नाटकच्या २०१५ च्या कायद्यानं मराठी शाळांतही कन्नड सक्तीचं झालं, म्हणजे एकाच हातात दोन लिप्या. एका मुलीनं 'दीवा' लिहिला. वही तपासणारा म्हणेल, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं. बाईंनी लिहिताना पाहिलं होतं: आधी द, मग कन्नडसारखं डोक्यावर वळण, आणि मराठीला काठी लागते हे आठवून ती मोकळ्या जागी, उजवीकडं ओढलेली.

कागलला शिकवणाऱ्या धाकट्या बहिणीला हे पटत नाही. "आक्का, आमची पोरं कन्नड न शिकताच 'दीवा' लिहितात, त्याचं काय?"

"लिहिताना बघितलंस काय त्यांना?"