वजनाचा काटा

मुलाने हिंजवडीत अठराव्या मजल्यावर घर घेतले, तेव्हापासून मी लिफ्टला जरा भिऊनच असतो. ज्या गावात चैत्रात म्हातोबाचे बगाड निघते, तिथे आपण टांगलेल्या पेटीतून वर-खाली करावे, हे मनाला पटत नाही. पण गेल्या गणपतीत त्याच पेटीने मला थोडे शहाणे केले.

त्याचे झाले असे. उन्हाळ्यात आमची ही फार आजारी पडली. दुखणे सरले, पण अंगावर मांस धरेना. डॉक्टरांनी बजावले, "दिवाळीपर्यंत वजन वाढलेच पाहिजे." म्हणून मी जुन्या घरचा वजनाचा काटा आणला. लिफ्टमध्ये तो खाली ठेवतो न ठेवतो तोच नातवाने हुकूम सोडला, "आजी, उभी राहा!"

काटा 42 वर स्थिरावला. लिफ्ट निघाली आणि काटा एकदम 46 वर!

"अहो, चार किलो वाढले!" कित्येक महिन्यांनी हिच्या तोंडावर हसू दिसले. पण क्षणात काटा 42 वर परतला आणि अठरावा मजला येता येता 38 वर घसरला. हिचा चेहराही त्याबरोबर उतरला.

नातू म्हणाला, "लिफ्ट वेग घेते तेव्हा तिचा तळ पायांना जास्त जोराने ढकलतो. दार बंद असताना आजीने कसे ओळखावे, लिफ्टने वेग घेतला की पृथ्वीची ओढ वाढली?"

बर्नच्या पेटंट कचेरीत नोकरी करताना, 1907 साली, आइनस्टाइनला हेच सुचले होते. छपरावरून पडणाऱ्या माणसाला पडता पडता स्वतःचे वजन जाणवत नाही! त्या एका कल्पनेतून 1915 साली गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत उभा राहिला. मात्र पेटी फार मोठी असली तर बिंग फुटते. तिच्या दोन टोकांना दोन चेंडू सोडावेत. पृथ्वीच्या ओढीने दोन्ही तिच्या केंद्राकडे निघतात, म्हणून पडताना किंचित जवळ येतात. दूर अवकाशात वेग घेणाऱ्या पेटीत त्यांच्यातले अंतर तेवढेच राहते. लहान पेटीत हा फरक दिसत नाही.

दुखणेकऱ्याची खोलीही लहानच असते. मन जड झाले ते दुखण्याने की भीतीने, हे आत बसून आम्हां दोघांनाही कळले नव्हते.

"मग खरा आकडा कुठला?" हिने विचारले.

"उभ्या लिफ्टमधला."

हिने काटा पलंगाखाली सारला, दोन मोदक खाल्ले आणि म्हणाली, "आता दसऱ्याला बघू."

दसऱ्याला काटा 43 वर थांबला. वाढला एकच किलो. पण तो घरातल्या फरशीवर वाढला होता.